करार संपला, भाडं बंद, तरी भाडेकरू हलत नाही. मेहुणे म्हणतात, कुलूप बदला. काय करावं?

आधी एकच: तुमचे मेहुणे म्हणतात तसं कुलूप बदलू नका. चार महिन्यांचं भाडं थकलंय, लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा) गेल्या महिन्यात संपलाय, म्हणजे आज बाजू तुमची आहे. कुलूप बदललंत किंवा लाइट-पाणी तोडलंत की पोलिसांत तक्रार तुमच्याविरुद्ध जाते आणि तुम्ही खुलासे देत बसता.

करार रजिस्टर केलेला आहे ना? मग दिवाणी दाव्याच्या फंदात पडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम २४ नेमकं याच प्रसंगाचं आहे. राहायला दिलेली जागा, मुदत संपली, माणूस निघत नाही. अर्ज कोर्टात नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. वकिलाच्या नोटिशीत हा दुप्पटीचा हिशेब आकड्यांत लिहून घ्या. माझ्या भाडेकरूने नोटिशीतलं बाकी काहीच मनावर घेतलं नव्हतं. तो आकडा वाचून मात्र संध्याकाळीच फोन आला.

मी एक घोळ घातला होता. करार संपल्यावर तो थोडे पैसे रोख घेऊन आला, मुलांच्या परीक्षा आहेत म्हणाला, मी घेतले. पुढे सुनावणीत हेच पैसे दाखवून म्हणतो, ‘आमचं तोंडी ठरलंय, मुदत वाढवलीय.’ रजिस्टर कराराच्या तारखेपुढे ते टिकलं नाही, पण तारखा वाया गेल्याच. तुमच्या भाडेकरूने काही दिलं तर बँकेतूनच घ्या आणि ‘ही रक्कम थकबाकीपोटी, मुदतवाढ नाही’ असं लगेच लेखी कळवा.

करार रजिस्टर नसेल तर मामला अवघड. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि ती नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. नोटीस पाठवायच्या आधीच वकील गाठा.

तो आपणहून निघायला तयार झालाच, तर थकबाकी डिपॉझिटमधून वळती करा, पण उरलेले पैसे आधी देऊ नका. सामान हललं, चाव्या हातात आल्या, ताबा पावतीवर सही झाली, मीटरचं रीडिंग त्यावरच लिहिलं, मग द्या.