इंग्रजीतले लांबलचक शब्द नेमके कुठे तोडायचे आणि जोर कुठे द्यायचा, याचा काही नियम आहे का?

नियम आहेत, पण तोडण्याचे प्रकार दोन आहेत. एक अर्थाने तोडणं, दुसरं उच्चाराने. 'हेलिकॉप्टर'च घ्या. मूळ ग्रीक तुकडे 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टर' म्हणजे पंख. बोलताना मात्र हे-लि-कॉप्-टर, कारण इंग्रजी जीभ 'प्ट'ने सुरुवात करत नाही. 'टेरोडॅक्टिल'मध्ये हाच पंख सुरुवातीला आला, तर तिथला पी चक्क मुका झाला. स्पेलिंग लक्षात ठेवायला अर्थाचे तुकडे बरे, बोलायला उच्चाराचे. आणि ते मोजायचे कानाने, स्पेलिंगमधले स्वर मोजून नाही.

जोराचं म्हणाल तर शब्द शेपटाकडून बघा. शेवटी शन, इक किंवा इटी असेल तर जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर येतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फोटोग्राफिक' म्हटलं की तो 'ग्रॅ'वर सरकतो. 'फोटोग्राफी'त 'टॉ'वर, आणि मग बाकीचे स्वर इतके फिके पडतात की ऐकू येतं 'फटॉग्रफी'. आपण मराठी माणसं इथेच अडकतो: आपल्याकडे जोर हलला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळे सगळी अक्षरं आपण सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजीत 'रेकॉर्ड'चा जोर पहिल्या तुकड्यावर असला तर नाम, दुसऱ्यावर गेला तर क्रियापद.

'रिस्पॉन्सिबिलिटी'सारखा शब्द आला की आधी शेवटचं 'इटी' ओळखा. त्याच्या आधीचा तुकडा 'बि', मुख्य जोर तिथे. 'स्पॉन्'वर थोडा कमी. बाकीचं भराभर म्हणून टाका.

नेस, फुल, मेंट ही शेपटं गरीब. मूळ शब्दाचा जोर हलवत नाहीत. 'डिव्हेलप'मध्ये जोर 'व्हे'वर, 'डिव्हेलपमेंट'मध्येही तिथेच. (आपण सर्रास 'डेव्हलपमेंट' म्हणतो, तो भाग वेगळा.) याउलट 'इंजिनीअर'मधलं 'नीअर' जोर स्वतःकडेच ओढतं.

अपवाद आहेतच. 'पॉलिटिक्स'मध्ये इक असूनही जोर पहिल्या तुकड्यावर, पण 'पोलिटिकल'मध्ये बरोबर नियमाप्रमाणे 'लि'वर. शंका आली की शब्दकोश उघडा. बहुतेक शब्दकोशांत उच्चारात जोराच्या तुकड्याआधी वर एक छोटी उभी रेघ असते. अमेरिकन शब्दकोशांत मुख्य शब्दाच्या मधे जे ठिपके दिसतात, त्यांच्यावर मात्र जाऊ नका. ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडून लिहायचा यासाठी असतात.