वाट विचारा : अंबाळ्यातून चढा, गावात उतरा

प्रश्न : ताई, परदेशातल्या काही पायवाटांचे फोटो पाहून घरात विषय निघाला. सकाळी एका जुन्या गावातून निघायचं, टेकड्या चढायच्या, मध्ययुगीन वस्त्या पाहायच्या आणि गेलेल्या वाटेनं न परतता पुन्हा त्याच जागी यायचं. आपल्या विदर्भात असं काही आहे का? आई ६३ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात. मुलगी ११ वर्षांची आहे.
— एक वाचक, वर्धा

उत्तर : आहे. रामटेकला जा. ‘रामटेक तर पाहिलंय’ असं म्हणू नका. गाडी थेट वर नेली, दर्शन घेतलं, चिवडा खाल्ला आणि परत फिरलात, तर गड बघायचा राहूनच गेला. माझी नोकरी याच तालुक्यातल्या शाळांत झाली. मीसुद्धा पहिली कितीतरी वर्षं असाच गड पाहिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

सुरुवात गडाच्या पायथ्याच्या अंबाळ्याहून करा. तीन बाजूंनी टेकड्या, मधे तलाव, काठाला घाट आणि लहानमोठी देवळं. इथं अजूनही लोक पिंडदानाला येतात, म्हणून सकाळी घाटावर आवाज कमी ठेवा, फोटो जपून काढा. तलावाकडून जुन्या यात्रेकरूंच्या दगडी पायऱ्या वर जातात. आईच्या चालीनं पाऊण तास धरा. दोन्ही बाजूला पळस, सीताफळ, मधूनमधून मोह. मागं वळून पाहिलं की तलाव खाली खाली जाताना दिसतो.

वर आल्यावर घाई करू नका, खरं पाहण्यासारखं इथंच आहे. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळं पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळची. दिसायला साधी, बुटकी, जाड खांबांची, आणि आत बसलेला नरसिंह एवढा मोठा की मुलगी गप्प होईल. केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा गिलावा काढला तेव्हा खाली त्या काळचा संस्कृत शिलालेख निघाला. इतकी शतकं माणसं त्याच्या शेजारून जात होती आणि कुणाला पत्ता नव्हता! पुढं वराहाची भली मोठी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत पार होतो तो पुण्यवान, अशी समजूत आहे. मुलीला जाऊ द्या, आईला नको.

मग एकामागून एक दरवाजे लागतात : सिंगपूर, भैरव, गोकुळ. गडाला जसं यावं असं बांधणाऱ्यांच्या मनात होतं, त्याच क्रमानं तुम्ही आत शिरता. तुम्ही मध्ययुग विचारलंत ना, ते लक्ष्मणाच्या देवळात आहे. यादव राजा रामचंद्राच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरचा शिलालेख तिथं आहे. त्यात या टेकडीला सिंदूरगिरी म्हटलंय आणि गडावरची, गडाभोवतीची तीर्थं नावानिशी दिली आहेत. म्हणजे तुम्हाला जो फेरा हवाय, तो सातशे वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवलेला आहे. त्याच शतकात चक्रधरस्वामी रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानं गुजरातेतून निघाले आणि वाटेत ऋद्धिपूरला त्यांना त्यांचे गुरू गोविंदप्रभू भेटले, असं महानुभाव परंपरा सांगते. मराठीतलं पहिलं मोठं गद्य ज्या पंथानं लिहिलं, त्याच्या मुळाशी या टेकडीची ओढ आहे. मी वर्गात हे सांगताना दरवेळी थोडी थांबायची.

आता आईचं. दुखऱ्या गुडघ्याला चढणीपेक्षा उतरण बहुधा जास्त छळते. म्हणून आईला चढू द्या आणि उतरताना गाडीरस्त्यानं ऑटोत बसवा. तुम्ही दोघं गावाच्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरा. खाली पायथ्याशी कपूर बावडी शोधा. विचारलंत तर कुणीही दाखवेल. पाण्याला लागून दगडी ओवऱ्या आहेत, आणि दुपारी बाहेर ऊन रटरटत असताना तिथं गारवा असतो. तिथून गडाला वळसा घालून पुन्हा अंबाळ्यात या, फेरा पूर्ण होतो. वाटेत एखादा पानमळा दिसला तर मालकाला विचारून आत डोकवा. रामटेकच्या कपुरी पानाचं नाव जुनं आहे, मळे मात्र कमी होत चाललेत.

फोटोतल्यासारखं दगडी गाव जसंच्या तसं मिळणार नाही. आपल्याकडचं जुनं गाव गिलाव्याखाली, बावडीत, देवळाच्या जोत्यात राहतं. मुलीला ते ओळखायला शिकवा.

पाय अजून चालत असतील तर दुपारी गाडीनं नगरधन गाठा. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. अलीकडच्या उत्खननात तिथं राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. आज उभा आहे तो किल्ला नागपूरकर भोसल्यांच्या वेळचा, आणि त्यात विहिरीच्या पोटात देवीचं ठाणं आहे.

प्रश्न : हीच वाट कोणत्या महिन्यात करावी? वानरांचा त्रास होतो का?
— एक वाचक, उमरेड

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एकदा मार्चच्या शेवटी मी आठवीचा वर्ग घेऊन सकाळी अकराला चढले. अर्ध्या पायऱ्यांवर एक पोरगी भोवळ येऊन बसली आणि सोबतचं पाणी संपलेलं होतं. चूक पूर्ण माझी होती. तेव्हापासून सहाला निघते आणि माणशी दोन लिटर पाणी घेते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा टाळा. त्रिपुरी पौर्णिमेला गर्दी फार असते, पण दिवे पाहायचे असतील तर तीच रात्र.

वानरं प्रसादाची पिशवी ओळखतात. चून-पोळीचा डबा पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा, आणि तो वर गडावर न उघडता खाली बावडीजवळच्या सावलीत उघडा.