अवॉर्डची फी, जपानची अट आणि निफाडची द्राक्षं

मागच्या अंकात मी जाता जाता एवढंच लिहिलं होतं की आपल्या शिक्षकांना बाहेरच्या जगाकडून शिकायच्या, तिकडच्या शाळांशी जोडून घ्यायच्या संधी आहेत, कुणाला माहिती हवी असेल तर विचारा. आणि मग जी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी तसं सांगितलंय आणि तुमच्या साहेबांच्या टेबलावर पण हा अंक जातो.

मॅडम, मी जिल्हा परिषद शाळेत १४ वर्षं आहे. मला मेल आलाय की माझी इंटरनॅशनल बेस्ट टीचर अवॉर्डसाठी निवड झालीय, कार्यक्रम बँकॉकला आहे. रजिस्ट्रेशन ५,००० आणि पुढे पॅकेजचे ४८,००० भरायचे आहेत. आपल्या जिल्ह्यातले शिक्षक रणजितसिंह डिसले सरांना मिळाला तसाच हा पुरस्कार असतो का? मिसेस म्हणतात भरू नका. (सोलापूर जिल्हा)

सर, मिसेसचं ऐका.

आता जरा सविस्तर सांगते, कारण हा एकच प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय, फक्त शहर बदलतं, कुणाला दुबई, कुणाला काठमांडू. तुम्ही या अवॉर्डसाठी अर्ज केला होता का? नाही. तुमचा वर्ग कुणी बघितला? नाही. तुमच्या मुख्याध्यापकांना कुणी फोन करून विचारलं का की हा माणूस शिकवतो कसा? तेही नाही. मग निवड कशाची झाली, मेल आयडीची.

मी हसत नाहीये तुम्हाला, मी स्वतः फसलेय. नोकरीत असताना मलाही असंच एक राष्ट्रीय पुरस्काराचं पत्र आलं होतं, मी ३,५०० रुपये भरले, रेल्वेचं तिकीट वेगळं, आणि दिल्लीला एका हॉलमध्ये जाऊन बघते तर माझ्यासारखे शंभर-सव्वाशे आदर्श शिक्षक लाइनीत उभे, शाल, ट्रॉफी, फोटो, पुढचा या. ट्रॉफीवर आडनाव चुकलेलं. तिथल्या पोराला सांगितलं तर म्हणाला दुरुस्त करून देतो, पाचशे होतील. ती ट्रॉफी अजून आहे घरी, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो आम्ही.

आता डिसले सरांचं. तुमच्याच जिल्ह्यातली शाळा, माढा तालुक्यातली परितेवाडी. त्यांना २०२० मध्ये मिळालं ते वार्की फाउंडेशनचं ग्लोबल टीचर प्राइज. त्याला अर्ज करायला किंवा कुणाचं नाव सुचवायला फी नव्हती, उलट १० लाख डॉलर देणारं ते बक्षीस होतं, आणि त्यातली अर्धी रक्कम सरांनी फायनलमधल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पण बक्षिसाच्या आधीचं काम बघा ना. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड, आणि लेट्स क्रॉस द बॉर्डर्स म्हणून प्रोजेक्ट, ज्यात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी न पटणाऱ्या देशांतली मुलं एकमेकांशी बोलत होती. एवढं काम आधी झालं, लंडनहून नाव जाहीर झालं ते नंतर.

तर पैसे कोण कुणाला देतंय ते बघायचं. खऱ्या फेलोशिपमध्ये विमानाचं तिकीट ते देतात. आणि याच मेलमध्ये खाली मानद डॉक्टरेटची ऑफर असेल (असते बहुतेक वेळा) तर लगेच डिलीट. आपल्याकडे पदवी द्यायचा अधिकार यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याप्रमाणे विद्यापीठांना आणि तशी परवानगी असलेल्या संस्थांनाच आहे, हॉटेलच्या हॉलमध्ये टोपी-गाऊन घातलेल्या ट्रस्टला नाही.

माध्यमिक शाळेत इंग्रजी आणि समाजशास्त्र शिकवते, ११ वर्षं झाली. फुलब्राइट, ती अमेरिकन सरकारची फेलोशिप, शिक्षकांना पण असते असं ऐकलं. माझं इंग्रजी पुस्तकी आहे, बोलताना अडखळते. अर्ज करण्यात अर्थ आहे का? आणि एनओसीचं, म्हणजे ना-हरकत पत्राचं, काय? (परभणी)

आहे ताई, अर्थ आहे. फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचिव्हमेंट असं लांबलचक नाव आहे, सगळे एफटीईए म्हणतात. माध्यमिकच्या शिक्षकांसाठीच आहे, इंग्रजी, समाजशास्त्र, गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण हे विषय. साधारण सहा आठवडे अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात राहायचं, सेमिनार, आणि मधे तिथल्या हायस्कूलमध्ये जाऊन वर्ग बघायचे, तिथल्या शिक्षकाबरोबर काम करायचं. पूर्ण वेळ नोकरी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो, तुमचे अकरा झालेत. भारतात हे काम यूएसआयईएफ ही संस्था बघते, दिल्लीला मुख्य ऑफिस आहे. मात्र हा सगळा अमेरिकन सरकारच्या पैशावर चालणारा कारभार आहे, तेव्हा यंदा अर्ज सुरू आहेत का हे त्यांच्याच साइटवर बघायचं, ग्रुपवर फिरणारी तीन वर्षांपूर्वीची पीडीएफ भरत बसायचं नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर टोफेल किंवा तशी परीक्षा पुढच्या टप्प्यावर द्यावी लागते, ते टाळता येत नाही. पण अडखळणं म्हणजे न येणं नाही. रोज दहा मिनिटं मोठ्याने बोलायचं, भिंतीशी बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका (स्वतःचा आवाज ऐकवत नाही पहिले चार दिवस, मग सवय होते). ब्रिटिश कौन्सिलच्या टीचिंगइंग्लिश साइटवर शिक्षकांसाठी फुकट बरंच काही आहे. शिवाय तुमच्या भागात तेजस प्रकल्पातले कुणी शिक्षक आहेत का विचारा, राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिलने मिळून तो चालवला होता, त्यात शिक्षकांचे टॅग म्हणजे गट जमायचे, इंग्रजीतच बोलायचं आणि चुकलं तरी कुणी हसायचं नाही. अशा पाच जणी मिळाल्या तर क्लासचे वीस हजार वाचतील.

अर्जातल्या निबंधांवर मात्र वेळ घालवा. माझ्याकडे वाचायला येतात असे निबंध, दहापैकी आठांची सुरुवात शिक्षक हा समाजाचा शिल्पकार आहे अशी असते, आणि तिथेच वाचणाऱ्याचे डोळे मिटतात. तुमच्या वर्गात सगळ्यात जास्त कोण बोलत नाही आणि त्याला बोलतं करायला तुम्ही काय केलं, जमलं का, नसेल जमलं तर का नाही, हे लिहा. फसलेला प्रयोग पण लिहा.

एनओसी. पासपोर्ट आधी काढून ठेवा, निवड झाल्यावर धावपळ नको. पासपोर्टसाठी सरकारी नोकराला ऑफिसला पूर्वसूचनेचं पत्र देऊन पण अर्ज करता येतो, त्याचा नमुना पासपोर्टच्या साइटवर आहे. परदेशात जायची परवानगी हे वेगळं प्रकरण. तो कागद मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी असा जिना चढत जातो, खाजगी अनुदानित असाल तर आधी संस्था, आणि प्रत्येक पायरीवर थोडा बसतो. म्हणून निवड व्हायच्या आधी, अर्ज करतानाच एक साधं पत्र देऊन आवक क्रमांक घ्या. नंतर "आम्हाला विचारलं नाही" हे वाक्य ऐकावं लागत नाही.

वय ३२, उपशिक्षक, डीएड आणि बीए. सहा वर्षं सेवा. परदेशात काही लांब मुदतीचं आहे का, महिन्या-दीड महिन्याचं नको.

जपान. तिथल्या शिक्षण मंत्रालयाची, म्हणजे मेक्स्टची, टीचर ट्रेनिंग स्कॉलरशिप. दीड वर्ष, सुरुवातीला काही महिने जपानी भाषा आणि मग एखाद्या विद्यापीठात शाळा कशी चालवतात, विषय कसा शिकवतात यावर काम. फी माफ, विमान तिकीट, दर महिन्याला विद्यावेतन. पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो, तुमच्याकडे दोन्ही आहे, आणि वयाची अट ३५ च्या आत. म्हणूनच तुमचं पत्र मी वर घेतलं, कारण तुमच्याकडे दोन-तीनच संधी उरल्यात. अर्ज जपानच्या दूतावासातर्फे. पुण्यात जपानी शिकवणारे भरपूर आहेत, ऑनलाइन पण शिकवतात, हिरागाना-काताकाना या लिप्या आत्ताच सुरू करा. दीड वर्षाच्या रजेचं काय होईल हे मात्र आधी लेखी विचारून घ्या, बिनपगारी की अभ्यास रजा, तोंडी "होईल हो" वर विमानात बसू नका.

मी परदेशी विद्यापीठांचे सात ऑनलाइन कोर्स केलेत, सर्टिफिकेटं आहेत. ती १२ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीला चालतील का?

नाही. वरिष्ठ आणि निवड श्रेणीचं प्रशिक्षण वेगळं, ते पुण्याच्या एससीईआरटीतर्फे (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) होतं, तेच करावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दर वर्षी किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे, पण त्यात तुमचे कोणते कोर्स धरायचे ते वरचे ठरवणार. एक सांगू, बऱ्याच परदेशी कोर्सना शिकणं फुकट असतं, पैसे सर्टिफिकेटचे असतात. सात सर्टिफिकेटांपैकी किती कोर्सचे व्हिडिओ शेवटपर्यंत बघितले ते मला कळवू नका, पण मोजा.

निफाड तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा. नेट कधी असतं कधी नसतं, एक माझा मोबाईल. ग्लोबल एज्युकेशन म्हणजे मोठ्या इंटरनॅशनल स्कूलचं काम, आम्ही काय करणार?

ताई, तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ बसले. तुमच्या शाळेच्या आवाराबाहेर जे उभं आहे ते बघा ना, द्राक्षाची बाग. ती द्राक्षं नेदरलँड्सला जातात, तिथल्या दुकानात जातात, त्याआधी औषधाचा अंश किती राहिलाय याची लॅबमध्ये तपासणी होते, आणि ती कशासाठी हे तुमच्या चौथीच्या पोराला घरी जेवताना ऐकून माहिती असतं. कांद्याचंही तेच, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली तेव्हा लासलगावच्या कांदा बाजारात काय झालं हे त्यांनी बघितलंय, पण तिकडे बांगलादेशातल्या स्वयंपाकघरात त्याने काय झालं हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. तो विचारला की झालं सुरू ग्लोबल एज्युकेशन, अजून मोबाईलला हात पण लावलेला नाही.

आता जोडीचा वर्ग. आयअर्न नावाचं जाळं आहे, १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्यातून सुरू झालं, शीतयुद्ध चालू असताना. भारतातही त्यांचं केंद्र आहे, सदस्यत्वाच्या अटी विचारून घ्या. त्यांचा टेडी बेअर प्रोजेक्ट मला फार आवडतो. दोन देशांतले दोन वर्ग एकमेकांना पोस्टाने एक-एक खेळणं पाठवतात, तो पाहुणा रोज एका मुलाच्या घरी राहायला जातो, आणि मुलं त्या पाहुण्याच्या तोंडून रोजनिशी लिहितात, आज मी भाकरी खाल्ली, आज मला बैलगाडीत बसवलं. यात नेट रोज लागत नाही, आठवड्यातून एकदा तुम्ही घरून फोटो पाठवलेत तरी चालतं. आणि ज्या पोराला निबंध लिही म्हटलं की पोटात दुखतं तो अस्वलाच्या वतीने दोन पानं लिहितो.

व्हिडिओ कॉल करायचाच असेल तर आधी घड्याळ बघा, इथेच लोक चुकतात, सगळ्यांना अमेरिका हवी असते आणि आपली शाळा भरते तेव्हा ते झोपलेले असतात. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, आपले सकाळचे ११ म्हणजे त्यांचे अडीच, शाळा चालू. केनिया अडीच तास मागे, आपल्या दुपारी १२ ला त्यांचे साडेनऊ. नेदरलँड्स हिवाळ्यात साडेचार तास मागे, म्हणजे आपले अडीच वाजले की त्यांचे सकाळचे दहा. आणि तुमचा द्राक्षाचा हंगाम नेमका तेव्हाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिकडच्या वर्गात डब्यात द्राक्षं आणि इकडच्या वर्गात ती तोडणाऱ्या आईबापांची मुलं, याहून चांगला कॉल काय असणार. भाषेची काळजी नको, मुलांनी पाच वाक्यं पाठ केली तरी पुरतात, बाकी वस्तू दाखवायच्या.

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, व्हॉलंटिअर म्हणून. महाराष्ट्रातल्या शाळेशी जोडून घ्यायचंय, मुलांना मराठी फक्त आजीशी बोलायची भाषा वाटते.

तुमचं पत्र आणि वरचं निफाडचं पत्र एकाच आठवड्यात आलं, दोघींची परवानगी मिळाली की पत्ते देते. वेळ जमते: उन्हाळ्यात तुमचे सकाळचे साडेनऊ म्हणजे इथे संध्याकाळचे सात, नोव्हेंबरनंतर आठ. इथल्या मुलांना घरी मोबाईल मिळायची वेळ तीच. फक्त एक करा, कॉलला शिक्षकांनी प्रश्न काढून देऊ नका. तुमच्या मुलांना इथल्या मुलांकडून शब्द मागू द्या, घमेलं म्हणजे काय, पाचट म्हणजे काय, आणि इथल्यांना बर्फात शाळेला सुट्टी कशी मिळते ते विचारू द्या. आणि इथला शिक्षकही तुम्हाला शिकवेल, त्यामुळे तुम्ही त्याला मदत करताय अशा थाटात सुरुवात करू नका, वह्या-दप्तरं पाठवू का हा प्रश्न निदान पहिल्या तीन रविवारी नको.