बारा पेनड्राइव्ह आणि एक बॅच फाइल

प्रश्न : अण्णा, नमस्कार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात डिझाइनचं काम करतो. जकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) डिझाइन चढवायला बारा पेनड्राइव्ह आहेत. प्रत्येक नव्या ऑर्डरला ते फॅट३२ मध्ये (फाइली साठवायची एक पद्धत) फॉरमॅट करतो. राइट-क्लिक, स्टार्ट, ओके, परत ओके... वैताग आलाय. आदेश एका फाइलीत लिहून, म्हणजे बॅच फाइलनं, जमेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जमेल की. नोटपॅडमध्ये एक ओळ पुरते: फॉरमॅट, मग ड्राइव्हचं अक्षर, मग /एफएस:फॅट३२, /व्ही: लावून नाव, /क्यू आणि /वाय. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं. सेव्ह करताना नावाच्या शेवटी .बॅट द्या आणि 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर .बॅटच्या मागे .टीएक्सटी चिकटतं आणि फाइल चालायच्या ऐवजी उघडते. चालवायची ती 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करूनच.

/क्यू म्हणजे क्विक. त्यात जुनी डिझाइनं पुसली जात नाहीत, फक्त फाइलींची यादी कोरी होते. पेनड्राइव्ह बाहेरच्या कुणाच्या हाती जाणार असेल तर /क्यू काढा. व्हिस्टापासून पुढचं विंडोज मग सगळीकडे शून्यं लिहितं. वेळ लागतो, लागू द्या.

खरी भानगड /वायची. त्याचा अर्थ 'मला काही विचारू नकोस'. माझ्या नवी पेठेतल्या दुकानात मी असाच शहाणपणा केला होता, तोही डिस्कपार्टवर (डिस्क हाताळायचं विंडोजमधलं साधन). 'सिलेक्ट डिस्क १, क्लीन, नवीन पार्टिशन, फॉरमॅट' अशी स्क्रिप्ट. दोन आठवडे मस्त चालली. ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) गर्दीत एका फोटोग्राफरची हार्ड डिस्क सकाळपासून लावून ठेवलेली. एरवी पेनड्राइव्हचा असणारा १ नंबर तिला मिळाला, पेनड्राइव्ह झाला २. एंटर दाबलं आणि चहाचा कप उचलेपर्यंत काम तमाम. दोन रात्री बसून फोटो बरेचसे परत काढले, पण फोल्डर गेले, नावं गेली. कुणाची हळद आणि कुणाचं बारसं, सगळं एका ढिगात. गड्याने एक शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी नंबरावर विश्वास ठेवत नाही. अक्षरावरही नाही, तेही बदलतं. खूण लेबलची, म्हणजे पेनड्राइव्हला दिलेल्या नावाची. बाराही पेनड्राइव्हना एकदा हातानं 'जकार्ड' असं लेबल द्या (रोमनमध्ये, ११ अक्षरांच्या आत). फॉरमॅटच्या आधी 'व्हॉल' आदेशानं लेबल वाचायचं आणि उभ्या रेघेनं (|) ते शब्द शोधणाऱ्या 'फाइंड'कडे द्यायचं. शब्द सापडला नाही की एररलेव्हल (आदेशाचा निकाल सांगणारा आकडा) १ येतो. तसं झालं तर फॉरमॅट न करता पुढं जायचं. /व्ही:ला तेच नाव ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेलाही ओळख पटेल.

यूएसबी हबवर चार-चार लावत असाल तर 'फॉर' लूप टाका, म्हणजे यादीतल्या प्रत्येक अक्षरासाठी तेच आदेश चालतील. बॅच फाइलमध्ये त्याच्या अक्षराआधी टक्क्याचं चिन्ह दोनदा लागतं. यादीत सी (विंडोजचा स्वतःचा ड्राइव्ह) घालू नका, हे सांगायला नको.

पहिल्यांदा चालवताना फॉरमॅटच्या ओळीआधी 'ईको' लिहा. मग काहीच पुसलं जात नाही, आदेश नुसता पडद्यावर उमटतो. लावलेल्या पेनड्राइव्हचीच अक्षरं दिसली की ईको काढा. लेबल द्यायचा राहून गेलेला एखादा असेल, तर तोही तिथेच कळेल.