इंग्लंडमधल्या शाळेत जिप्सी, रोमा आणि ट्रॅव्हलर मुलांना मदत कशी करावी?

तुमचा प्रश्न असा: केंटमधल्या प्राथमिक शाळेत तुम्ही नुकत्याच टीचिंग असिस्टंट म्हणून लागलात. चौथीच्या वर्गात एक जिप्सी मुलगा आहे. तो मधेच तीन-तीन आठवडे येत नाही, आला की कोपऱ्यात गप्प बसतो. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, "त्यांचं असंच असतं." तुम्हाला ते पटत नाही.

मी इथेच अकरा वर्षं हे काम करते आहे. सुरुवात त्याच्या खुंटीपासून करा.

वर्गाबाहेर प्रत्येक मुलाच्या नावाची, कोट अडकवायची खुंटी असते ना, ती. माझ्या पहिल्या वर्षी एक मुलगी आईवडिलांच्या कामासाठी त्यांच्याबरोबर गेली आणि पाच आठवड्यांनी परत आली, तर तिच्या खुंटीवर दुसऱ्याच मुलाचं नाव. नवीन मुलगा आला होता, जागा हवी होती, कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. तिने दिवसभर कोट काढलाच नाही. सांगूनही ऐकत नाही म्हणून तिलाच बोलणी बसली. मला मात्र कळलं की इथे आपली वाट बघणारं कुणी नव्हतं, एवढंच तिला दिसलं होतं. तेव्हापासून मूल कितीही दिवस बाहेर असो, त्याची खुंटी, ट्रे, वाचनाचं पुस्तक मी जागच्या जागी ठेवते. जाताना बरोबर चार पुस्तकं देते आणि परत आल्यावर "कुठे होतास?" असं न विचारता "काय काय पाहिलंस?" विचारते.

आता गैरहजेरीचं. आईवडील धंद्यापायी फिरतीवर असतील तर हजेरीपटावर त्यासाठी वेगळा 'टी' कोड आहे. धंद्यासाठी फिरावं लागणाऱ्या आणि कायमचा ठावठिकाणा नसलेल्या कुटुंबांना १९९६च्या शिक्षण कायद्यातही गैरहजेरीच्या शिक्षेतून सवलत आहे. अट अशी: धंदा सांभाळून जमेल तितकं नियमित मूल शाळेत यायला हवं, आणि सहा वर्षांपुढच्या मुलाची मागच्या बारा महिन्यांत किमान २०० अर्ध्या दिवसांची हजेरी भरायला हवी. शिवाय मुक्कामाच्या गावातल्या शाळेतही त्याचं नाव घालता येतं, म्हणून मूळ शाळेतली जागा जात नाही. कित्येक आईवडिलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, त्यांच्या हाती येते ती थेट दंडाची चिठ्ठी.

हे सगळे एकच लोक आहेत असं धरू नका. इंग्लिश रोमनी जिप्सी इथे पाचशे वर्षांपासून आहेत. केंटमध्ये हॉप्स (बिअरमध्ये घालायची फुलं) आणि फळांच्या तोडणीला त्यांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या येत होती. आयरिश ट्रॅव्हलर वेगळे, बहुतेक कॅथलिक, त्यांची बोलीही वेगळी. स्लोव्हाकिया, चेक, रोमानियातून आलेले रोमा आणखी वेगळे. त्यातल्या काही आईवडिलांना लहानपणी मतिमंदांच्या शाळेत बसवलं होतं. चेक प्रजासत्ताकातल्या अशाच मुलांच्या खटल्यात २००७ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव आहे असा निकाल दिला. त्यामुळे "तुमच्या मुलाला वेगळा आधार हवा" हे वाक्य अशा आईसमोर फार जपून उच्चारा. आणि यातले पुष्कळजण आता विटांच्या घरात राहतात. पण तुमच्या वर्गातल्या मुलाने घराचं चित्र म्हणून ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, काढला तर तेच त्याचं घर. "खरं घर काढ" म्हणणारी शिक्षिका मी पाहिली आहे, त्या मुलाने कागद चुरगाळला होता.

मराठी माणूस म्हणून तुमच्या हाताशी एक गोष्ट आहे. एकदा स्वयंपाकाच्या तासाला हात धुतलेल्या टबातच कप विसळले, तर एक मुलगा त्या कपाला शिवेना. सगळ्यांना वाटलं, नखरे. मला लगेच समजलं, कारण खरकटं आणि सोवळं-ओवळं बघत मी मोठी झाले. अनेक जिप्सी घरांत अंग धुण्याचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं असतं, मिसळलं तर ते 'मोकडी', म्हणजे ओवळं. दोन टब आणले, काम झालं.

भाषेचंही तसंच. हजारएक वर्षांपूर्वी जिप्सी आणि रोमांचे पूर्वज आपल्याकडून, भारतातून निघाले, म्हणून त्यांच्या रोमनी भाषेत कान म्हणजे कान, पानी म्हणजे पाणी. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळे भरून आले होते. पण "तू मूळचा आमचाच" असं मुलाला सांगत बसू नका, वर्गापुढे शब्द बोलून दाखवायलाही लावू नका. पुष्कळ घरांत ती भाषा घरच्यांपुरतीच जपलेली असते. त्याने आपणहून शब्द दिला तर आपलाही द्या.

सगळ्यात जास्त वेळ आईला द्या. तिच्या आईला कदाचित शाळेने कधी टिकूच दिलं नसेल. १९६७च्या सरकारी अहवालात लिहिलं होतं की बहुधा देशातली सर्वांत वंचित मुलं हीच, आणि आजही परीक्षेच्या निकालात ती सर्वांत मागे, शाळेतून काढून टाकण्यात सर्वांत पुढे आहेत. २०१०नंतर अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी असलेली खास शिक्षकांची पथकंही बंद झाली. मग तिने भरवसा का ठेवावा? तिला वाचता येत नसेल तर पत्र पोचून उपयोग नाही. फोन करा, आणि पहिला फोन तक्रारीचा नको. "आज त्याने गणित सुंदर सोडवलं" एवढाच असू दे.

'पायकी' हा शब्द मैदानावर कानावर आला तर तो वंशद्वेषी शिवी म्हणून लेखी नोंदवा. मुलांची थट्टा म्हणून सोडून दिलं की त्या मुलाच्या हाती फक्त मूठ उरते, आणि शिक्षा त्यालाच होते.

इथे प्राथमिक शाळा सहावीला संपते, आणि अनेकांची शाळा तिथेच, अकराव्या वर्षी सुटते. मोठ्या शाळेतला छळ, अनोळखी हजार मुलं, मुलगी असेल तर अब्रूची काळजी. मी सहावीच्या सुरुवातीलाच आईला बरोबर घेऊन मोठी शाळा दाखवते आणि तिथल्या एका माणसाशी तिची ओळख करून देते, म्हणजे अडचण आली तर कुणाला फोन करायचा हे तिला ठाऊक असतं. तुमच्या वर्गातला मुलगा चौथीत आहे. दोन वर्षं हातात आहेत, फोन याच आठवड्यात करा.