बाहेरच्या टॉवेलवर ड्युटी मागावी का?

प्रश्न: सर नमस्कार, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे माग आहेत, टॉवेल काढतो. मी शरद जोशींच्या विचारांचा, सरकारने धंद्यात पडूच नये म्हणणारा. पण बाहेरचा स्वस्त माल आला की पप्पा म्हणतात ड्युटी लावायलाच पाहिजे. लिबर्टेरियन माणसाला हे चालतं का?

उत्तर: माझ्या मते नाही चालत. ड्युटी बाहेरच्या कारखानदारावर बसते असं वाटतं, पण बंदरावर ती भरतो आपलाच इम्पोर्टर आणि मग बराचसा बोजा येतो गिऱ्हाइकावर. दोन माणसं राजीखुशीने सौदा करतायत, कुणी कुणाला फसवत नाही, तिथं सरकारने मधे येऊन पैसे का घ्यायचे? या विचारात सरकारचं काम चोरी, फसवणूक, मारहाण थांबवणं एवढंच.

आता तुमच्याच धंद्याचं बघा ना. 2021 च्या बजेटमध्ये आयात कापसावर ड्युटी आली, सेस-सरचार्ज धरून 11 टक्के, शेतकऱ्याला त्याचा आधार वाटला पण कापूस महाग की सूत महाग, मग मागवाले वैतागले, ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने ती तात्पुरती माफ केली तर कापूसवाले चिडले. एकाला संरक्षण दिलं की दुसऱ्याच्या पोटावर पाय, आणि कुणाचं पोट मोठं हे ठरवणार दिल्ली. त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर 50 टक्के लावले, टॉवेलपण त्यात. तो अन्याय वाटला ना? मग आपल्या बंदरावर तोच न्याय कसा होईल? शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार खुला करायच्या मसुद्याला, पाठिंबा दिला तेव्हा डावे-उजवे दोन्हीकडून विरोध चालू होता, तरी ते हटले नाहीत.

एक मुद्दा मात्र खरा आहे. अमेरिकेत कायमचा इन्कम टॅक्स 1913 मध्ये आला, त्याआधी तिथलं केंद्र सरकार बरंचसं ड्युटीवरच चालायचं, म्हणून काही लिबर्टेरियन म्हणतात की सगळ्या मालावर सारखी आणि कमी ड्युटी परवडली, पण इन्कम टॅक्स नको. पण ती तिजोरी भरायला, माल येत राहिला तरच पैसा येणार. पप्पांना पाहिजे ती माल येऊच नये म्हणून, या दोन्हीत मोठा फरक आहे.

पप्पांची काळजी अगदी खरी आहे, बँकेचा हप्ता आणि कामगारांचा पगार थांबत नाही. पण भांडायचंच तर सुतावरच्या, मशीनच्या पार्टवरच्या ड्युटीविरुद्ध भांडा, विजेच्या दरासाठी, अडकलेल्या जीएसटी रिफंडसाठी भांडा, तिथं तुम्ही दोघं एकाच बाजूला असाल.