ती काठी माळ्यावरून खाली काढा

नाशिकहून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं पत्र आलं आहे. मुलगी 27 वर्षांची, संगणक अभियंता, पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. गेल्या दिवाळीनंतर राजीनामा देऊन ती पायी नर्मदा परिक्रमेला गेली आणि साडेपाच महिन्यांनी परतली. जुन्या नोकरीत जायचं नाही, 'पाण्याचं काहीतरी करायचंय' म्हणते. वडील विचारतात: एमबीए, स्पर्धा परीक्षा, की चालायची एवढी हौस आहे तर गिर्यारोहणाचा कोर्स? आणि रेझ्युमेतली गॅप कशी भरायची?

सप्रेम नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र वाचताना तिसऱ्या पानावर मी थांबले. साडेपाच महिने नातेवाइकांना तुम्ही सांगत होतात की ती हैदराबादला प्रोजेक्टवर आहे. ती परतल्यावर पाहुणे येणार होते, म्हणून तिची परिक्रमेतली काठी माळ्यावर टाकलीत. आता ओळखीच्या एका फर्मकडून त्या महिन्यांचं अनुभव प्रमाणपत्र मिळतंय, ते घ्यावं का, असं विचारता.

घेऊ नका. व्यवहाराचं कारण आधी सांगते. आयटी कंपन्या उमेदवाराची मागची नोकरी पीएफच्या यूएएन या कायम क्रमांकाच्या नोंदीवरून पडताळून पाहतात. खोटं पत्र तिथे उघडं पडलं तर हातात आलेलं ऑफर लेटरही जाईल, आणि बट्टा लागेल तो तिच्या नावाला. रेझ्युमेत सरळ लिहावं: 'नोव्हेंबर ते एप्रिल, नर्मदा परिक्रमा, पायी.' मुलाखतीत विचारतील, ती सांगेल. चार वर्षं नीट काम केलेल्या माणसाला सहा महिन्यांसाठी कुणी दारातून परत पाठवत नाही.

पण मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. नर्मदा 1,312 किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर 2,600 च्या वर, आणि पायवाटांचे वळसे त्याहून वेगळे. नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, मिळेल ते खायचं, आसरा मिळेल तिथे पाठ टेकायची. तुमची मुलगी हे पुरं करून घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की आपल्या घरात ही लपवायची गोष्ट आहे. 'ती गप्प गप्प असते, डोक्यावर परिणाम झाला असेल का?' असं तुम्ही लिहिलंय. अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल साधारण 3,500 किलोमीटरची आहे. ती सलग चालून आलेली माणसंही घरी परतल्यावर काही आठवडे उदास असतात, हे तिथल्या चालणाऱ्यांना ठाऊक असतं. ते हळूहळू निवळतं. महिने लोटले, झोप-जेवण बिघडलं तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण तिच्या गप्प बसण्यात त्या हैदराबादचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

आता गिर्यारोहणाचं. ज्याला चालायला आवडतं त्याने चालण्यावरच पोट भरावं, हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांना असतो. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून उत्तम शिक्षण देते, पण तिथला साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स दोर, कडे आणि बर्फ यांचा आहे. ट्रेक लीडरचं काम तर आणखी वेगळं: हंगामी मिळकत, दुसऱ्यांच्या पायांचे फोड, रात्री दोनला कुणाचा ताप. तुमच्या मुलीने यातलं काहीच मागितलेलं नाही. जबलपूरचे अमृतलाल वेगड कलाशिक्षक होते. 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदेच्या काठाने चालू लागले, तेही टप्प्याटप्प्याने. पुढे चित्रं आणि लेखन दोन्ही त्या नदीतून आलं. चालण्याने त्यांना विषय दिला.

तुमच्या मुलीलाही विषय मिळाला आहे. तुम्ही तिच्या वहीतली एक नोंद 'वेडेपणाचा नमुना' म्हणून उतरवून पाठवलीत: 'शूलपाणीची झाडी. हातपंप. बावीस हिसके, मग पाणी, तेही लालसर. समोर मैया दिसते आहे.' मला हा नमुना टेस्टरचा वाटला. काय बिघडलंय, कितव्या हिसक्याला बिघडलंय, हे बघायची सवय नोकरीतून आली. कुठे बघायचं ते वाटेने दाखवलं. अशा नोंदी दीडशे दिवसांच्या असतील तर ते क्षेत्रकामच झालं.

एमबीएसाठी कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस असते, राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते. दोन्ही वाटा उघड्या आहेत, पण प्रायश्चित्त म्हणून तिला तिकडे ढकलू नका. त्याऐवजी आयआयटी मुंबईतल्या 'सितारा' केंद्राचं तंत्रज्ञान आणि विकास या विषयातलं एमटेक पाहावं. त्यासाठी गेट ही अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. टाटा समाजविज्ञान संस्थेत पाणी धोरणाच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी. त्याआधी पुण्यातल्या ॲक्वाडॅम संस्थेचं भूजलावरचं छोटं प्रशिक्षण केलं, तर हे काम आपल्याला झेपतं का ते कमी खर्चात कळेल.

तिलाही एक निरोप द्या. परिक्रमा झाली म्हणून पाण्याचं शास्त्र आलं असं होत नाही. भूगर्भशास्त्र, नकाशे, आकडेमोड मुळापासून शिकावी लागेल. सुरुवातीचा पगार आयटीच्या तुलनेत बराच कमी असेल. तिची शिल्लक परिक्रमेत संपत आली आहे म्हणता, तर वर्षभर टेस्टिंगचं काम घेऊन संध्याकाळी गेटचा अभ्यास करावा. त्यात कमीपणा नाही.

येत्या रविवारी तिच्याशेजारी बसून ती वही पहिल्या पानापासून तिच्याकडूनच वाचून घ्या. दोन तास लागतील, फोन बाजूला ठेवा. आणि काठी त्याआधी, शनिवारीच, खाली काढा.